बाळंतिणीची मोटर

उस्तादांच्या कारखान्यातून नवी मोटर बाहेर पडायची ती तिच्यात दही लागल्यावरच. हे विधान जसे घडत होते तसेच मी नोंदवीत आहे. त्यात अलंकार नाही. सकाळी मातीच्या गाडग्यात कोमट दूध घेऊन त्याला विरजण लावायचे, गाडगे सारजामाय नावाच्या सुईणीच्या मांडीवर द्यायचे, सारजामायला मोटरीच्या मागच्या कप्प्यात बसवायचे आणि हिंगोलीहून कनेरगावच्या नाक्यापर्यंत जाऊन यायचे. पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. दिवस कलता मोटर फाटकाशी थांबली की सारजामाय खाली उतरून गाडग्यात बोट घालीत असे. दही घट्ट असेल, चिरलेले नसेल, त्याला पाणी सुटलेले नसेल, तर मोटर पास. दही मोडले असेल तर मोटर पुन्हा आत. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, दह्यापुढे त्याचे काही चालत नसे.

कारखाना म्हणजे जुन्या छावणीतले घोड्यांचे तबेले. छावणी उठून गेल्यावर उस्तादांच्या वडिलांनी तिथे दमण्या आणि छकडे अशा बैलगाड्या बांधायला सुरुवात केली होती. उस्तादांनी बैल काढून इंजिन आणले. मुंबईला एक मोठा कारखाना होता. परदेशातून सुटे भाग येत, तिथे ते जोडले जात, आणि इंजिन, चाके व धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी एवढाच उघडा सांगाडा रेल्वेने हिंगोलीच्या स्टेशनावर उतरे. त्यावर लाकडी बॉडी बांधणे, टप चढवणे, गाद्या बसवणे आणि रंग देणे हे उस्तादांचे काम. सुतार, लोहार, गाद्या शिवणारे, रंगारी अशी पुष्कळ घरे त्या तबेल्यांवर जगत होती. उस्ताद सांगाडा मात्र नेहमी एकाच मॉडेलचा घेत: हलका, बुटका, लांब कमानींचा. दुसरे मॉडेल कोणी सुचवले तर त्यांना एका कानाने कमी ऐकू येऊ लागे, आणि आग्रह केला तर दोन्ही कानांनी.

या हट्टाचे कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. त्यांच्या मनात प्रवासी एकच असे: पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली, दिवस भरत आलेली लेक. वसमतचा हळदीचा व्यापारी, जवळच्या गोरेगावचा दुकानदार, तालुक्याचा कारकून हे सगळे त्या मोटरीत बसत, पैसे देत; पण उस्तादांच्या लेखी ते तिच्यामागून चढलेले लोक होते. म्हणून मागचा कप्पा बायकांचा. त्याला वेगळे दार, वीतभर उंचीची पायरी, पडद्याची दांडी, धरायला कातडी पट्टा आणि पाण्याचा तांब्या बसेल असे लोखंडी कडे. जाताना अवघडलेली आणि येताना कडेवर लेकरू घेतलेली अशी एकच बाई गृहीत धरून त्यांनी मोटरीचा खिळा न् खिळा ठोकला होता. भागातले लोक त्या गाडीला तिच्या परदेशी नावाने कधीच ओळखत नसत. ती बाळंतिणीची मोटर.

"आणि पुरुष प्रवाशांसाठी?" मी विचारले होते.

"मर्द कशात बी बसतो, बेटा. पोत्यावर बसतो, टपावर बसतो. त्याचं काहून बघायचं?"

मी त्या वर्षी हैदराबादहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन हिंगोलीला परतले होते. पुढे मुंबईला जाऊन संशोधन करायचे हे मी ठरवले होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते लांबणीवर पडले. वडील शाळेत शिक्षक, आणि आम्ही राहत होतो ते घर उस्तादांचे. एक दिवस ते आमच्या ओसरीवर येऊन वडिलांना म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी दिसभर वाचून राहिली. डोळे खराब व्हतील."

"मग काय करायचं म्हणता?" वडिलांनी विचारले.

"आमच्याकडं मुंबईवाल्यायचे नकाशे हायेत. ते वाचू द्या. त्यात अक्षरं कमी असत्यात."

अशा रीतीने मी कारखान्यात लागले. इंग्रजी नकाशे वाचून सुतारांना मापे सांगणे हे माझे काम. उस्ताद मला 'बेटा' म्हणत. माझ्यावर रागावले की 'बी.एस्सी.' म्हणत. दिवसातून दोन्ही नावे माझ्या वाट्याला साधारण सारखीच येत.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर भोंग्यापासून सुरुवात करावी लागेल. भोंग्याने पोटातले लेकरू दचकते असे त्यांचे ठाम मत होते. त्यामुळे नव्या मोटरीचा भोंगा काढून ते तिथे बैलाच्या गळ्यातली घुंगूरमाळ बांधीत आणि दोरी ड्रायव्हरच्या हाताशी आणून सोडीत. ड्रायव्हर बिचारे फाटकातून माळ वाजवीत सालसपणे बाहेर पडत आणि पहिल्याच वळणावर मोटर उभी करून, पिशवीतला भोंगा काढून पुन्हा बसवीत. हे उस्तादांना ठाऊक होते. ते म्हणत, "बाहेर काय करतो ते त्याचं त्यानं बघावं. माझ्या दारातून मोटर वाजत गेली पायजे, वरडत न्हाई."

दुसरी सवय अशी की ते संध्याकाळी मोटर स्टँडवर जाऊन उभे राहत आणि लोक उतरताना बघत. चढताना कधीच बघत नसत. त्यांचे म्हणणे, चढताना माणूस घाईत असतो आणि घाईत सगळी माणसे सारखीच दिसतात. उतरताना तो कोण आहे ते कळते. एकदा एक जहागीरदार पायरी सोडून थेट खाली उडी मारून उतरले. उस्ताद मला म्हणाले, "यायची बायको लई तकलीफमधी असणार." पुढे कधीतरी हे खरे निघाले, पण त्यावरून नियम काढता येत नाही. उडी मारणारे आणि बायकोशी नीट वागणारे गृहस्थही मी त्या स्टँडवर पाहिले आहेत, आणि तसे मी उस्तादांना सांगितलेही होते. त्या दिवशी मी बी.एस्सी. होते.

आमचा पहिला मोठा वाद दह्यावरून झाला.

स्टँडवरचे ड्रायव्हर एखाद्या मोटरीला 'हिवाळी' म्हणत. हिवाळी मोटर म्हणजे मागून बसकी. भार भरला की तिचा टप मागे कलायचा. मी चौकशी केली तेव्हा लक्षात आले की अशा साऱ्या मोटरी खरोखरच दिवाळीनंतर आणि होळीपूर्वी कारखान्यातून बाहेर पडलेल्या होत्या. थंडीत लाकूड आक्रसते, लोखंडही थोडे आक्रसते. पण त्याने मोटर बसकी होत नाही. कारण दुसरीकडे असले पाहिजे होते, आणि ते सारजामायच्या मांडीवर सापडले. थंडीच्या दिवसांत मोटर कितीही मऊ चालली तरी दूध लवकर गार होई आणि दही वेळेत लागतच नसे. सारजामाय मान हलवी. उस्ताद समजत, धक्के जास्त बसतात. मग ते कमानीतला एक पाटा काढून ती आणखी मऊ करीत. दुसऱ्या दिवशीही दही लागत नसे. दुसरा पाटा निघे. केव्हातरी उन्हाचा दिवस उगवे, दही लागे, मोटर पास होई आणि पुढे आयुष्यभर मागे बसून चाले.

मी हे सारे क्रमाने मांडले. विरजणातले जंतू, त्यांना लागणारी ऊब, कमानींचा ताण. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंजी थंडीत दह्याला तकलीफ व्हती."

"हो. दोष मोटरीचा नाही. हवेचा आहे."

"अन् मोटरीतल्या बाईला थंडी वाजत न्हाई व्हय?"

मी म्हणाले, "वाजत असेल. पण तो प्रश्न वेगळा आहे."

"येगळा कसा? दही गारठलं मंजी बाई गारठली. मोटर नापासच."

त्यांनी प्रयोगातला दोष काढून टाकला नाही. तो उचलून मोटरीत घातला. त्यानंतर त्यांनी धुराची नळी वळवून मागच्या कप्प्याच्या तळाखालून नेली. इंजिन चालू झाले की तळाची फळी कोमट होई. मी हादरले, कारण त्या धुरात विषारी वायू असतो हे मला ठाऊक होते. नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून, इंजिन चालू ठेवून, एकही फुगा येत नाही हे मी स्वतः बघितल्याशिवाय मोटर सोडायची नाही असे मी ठरवून टाकले, आणि उस्तादांनी ते तात्काळ मान्य केले. दह्याच्या परीक्षेला आता साबणाची परीक्षाही जोडली गेली. त्या माघात कप्प्यात दही दुपारच्या आतच लागले. सारजामाय उतरताना म्हणाली, "उस्ताद, आता मलाबी खाली उतरूशी वाटंना."

हिवाळी मोटरी बंद झाल्या. माझे स्पष्टीकरण बरोबर होते आणि त्यांचा उपाय चुकीचा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे स्वीकारायला मला जरा वेळ लागला.

मग युद्ध हिंगोलीपर्यंत पोहोचले. ते बंदुकांच्या रूपाने आले नाही. पेट्रोलच्या टंचाईच्या रूपाने आले. आधी नाक्याच्या फेऱ्या कमी झाल्या. दिवसभर मोटर हिंडवणे अशक्य झाले, म्हणून सारजामाय घरूनच लागलेले दही आणू लागली आणि ते न मोडता नाक्यापर्यंत जाऊन येते का, एवढेच पाहिले जाऊ लागले. त्यानंतर मुंबईच्या कारखान्याचे एजंट स्वतः आले. गोरे, घामेजलेले, हातात टोपी. उस्तादांनी त्यांना तबेल्यात बाकावर बसवले आणि चहा मागवला.

एजंट म्हणाले, "उस्ताद, वाईट खबर आहे. तिकडे विलायतेत हे लहान मॉडेल बनवणे बंद केले. सारे कारखाने लढाईच्या कामाला लागले. आमच्या मुंबईच्या शेडमध्ये अर्धी माणसे कमी केली."

"अर्धी माणसं कमी केली मंजी?"

"कपात केली. घरी पाठवली."

"अन् उरलेली पुरी हायेत?"

"पुरी आहेत."

उस्तादांना हे काही पटले नाही. ते म्हणाले, "हे बराबर न्हाई. कपात करायची तर सगळ्यायची अर्धी करावी. कुणाची पुरी अन् कुणाची काहीच न्हाई, ही कापाकापी झाली."

एजंटांनी घाम पुसला. लहान मॉडेलचा शेवटचा एक सांगाडा ते सोबत घेऊन आले होते. पुढे येईल की नाही, युद्धानंतर ते मॉडेल पुन्हा निघेल की नाही, हे मुंबईतच काय, विलायतेतही कोणी सांगू शकत नव्हते. मात्र लष्कराला लाकडी बॉडीचे ट्रक हवे होते. एजंट एक मोठा सांगाडा आणि नकाशा पाठवणार होते. नमुना बांधायचा; लष्कराचे कप्तान येऊन तपासणार; पसंत पडला तर लढाई चालेल तोवर काम. नाही पडला तर हिंगोलीला सांगाडे पाठवणे बंद.

सांगाडे बंद म्हणजे कारखाना बंद, हे समजायला नकाशा वाचता येण्याची गरज नव्हती. एजंट गेल्यावर सुतारांच्या करवती नुसत्याच लाकडावर टेकून राहिल्या.

उस्तादांनी दुसऱ्या दिवशी कपात जाहीर केली. त्यांनी एकही माणूस घरी पाठवला नाही. सगळ्यांचा दिवस अर्धा केला. मग स्वतःचा चहा अर्धा कप केला. विडी अर्धी ओढून विझवून ठेवू लागले. शुक्रवारी मशिदीतून परतले तेव्हा दाढीही अर्ध्या लांबीची झालेली होती. लोहाराने न राहवून विचारले, "उस्ताद, दाढीनं काय नुकसान केलतं?" उस्ताद म्हणाले, "लांब दाढी ठेवून कारागिराला अर्धा दिस सांगायला तोंड व्हत न्हाई." त्या अर्ध्या दिवसांतच शेवटची बाळंतिणीची मोटर तयार झाली आणि गोरेगावच्या दुकानदाराने ती नेली. उस्तादांनी तिला घुंगूरमाळ दुहेरी बांधली.

मोठा सांगाडा आला तो खरोखरच मोठा होता. मी नकाशा भिंतीला लावला आणि बजावून सांगितले, "उस्ताद, यात आपले काहीही घालायचे नाही. इथे पोती, पिंपे आणि पेट्या जाणार आहेत."

"नकाशात असंल तसंच," ते म्हणाले.

ते शब्दाला जागले. मी रोज प्रत्येक फळी मोजत होते. एकही माप चुकले नव्हते. टप कापडी, बाके घडीची, मागची फळी बिजागरीची, सारे नकाशाप्रमाणे. पण कप्तान यायच्या आदल्या दिवशी मी मागच्या बाजूला गेले आणि थबकले. फळीखाली दुमडून ठेवलेली पायरी होती. वर पडद्याची दांडी होती. कोपऱ्यात पाण्याच्या तांब्यासाठी कडे होते. आणि वाकून पाहिले तर धुराची नळी तळाखालून गेलेली होती.

"हे नकाशात कुठे आहे?" मी विचारले.

"न्हाई."

"मग?"

"नका करू असंबी त्यात कुठं लिवलेलं न्हाई. तूच वाचून दाव."

सुतारांनीही हे मुद्दाम केले नव्हते. आयुष्यभर मागचा कप्पा म्हणजे दांडी, कडे आणि पायरी एवढेच त्यांच्या हातांना ठाऊक होते. नकाशा संपला आणि हात पुढे चालत राहिले. आता काढायला वेळ उरला नव्हता. त्यातली सर्वांत मोठी करामत मला दुसऱ्या दिवशीच कळली.

कप्तान सकाळच्या गाडीने उतरले. तरुण, उंच, कोऱ्या चेहऱ्याचे पंजाबी गृहस्थ. त्यांनी फळ्या ठोकून पाहिल्या, सांधे पाहिले, मान डोलावली. पायरी उघडून पाहिली, मिटली, पुन्हा उघडली. मग त्यांनी ट्रक भरायला सांगितला. जिनिंगमधून सरकीची पोती आणून भरली. पोती चढत गेली तसा ट्रकचा मागचा भाग खाली येत गेला, आणि पूर्ण भार होण्याआधीच कमानी सपाट झाल्या.

मी उस्तादांकडे पाहिले. ते आभाळाकडे पाहत होते. ट्रक उभा राहताच त्यांनी माझ्या नकळत कमानींतले पाटे काढले होते. रिकाम्या ट्रकमध्ये सारजामायचे दही मोडले होते म्हणून.

"गाडी अच्छी है," कप्तान म्हणाले. "मगर फौज के काम की नहीं."

ते हात धुवायला नळाकडे निघाले. त्यांची परतीची गाडी दुपारची होती. सुतार तबेल्याच्या दारात उभे होते. पाटे पुन्हा घालता आले असते, पण कप्तान पुन्हा येणार नव्हते. त्यांना दुसऱ्या ठिकाणचे नमुने बघायचे होते. मला राग आला होता, पण रागाने गणित सुटत नाही. मी जे समोर होते ते पाहिले. या कमानी पोत्यांना नरम होत्या. मग त्या कशाला बरोबर होत्या? चार माणसे, आडवी, आणि एक बसलेले. एवढ्या भाराला त्या अगदी नेमक्या होत्या. बुटकी पायरी, पडदा, पाण्याचे कडे, कोमट तळ. मी कप्तानांच्या मागे गेले आणि इंग्रजीत विचारले, "तुमचे जखमी शिपाई कशातून नेता?"

ते थांबले. म्हणाले, "ट्रकमधूनच. जे असेल त्यातून."

"सरकी उतरवू द्या," मी म्हणाले, "आणि या ट्रकमध्ये एकदा स्वतः आडवे होऊन बघा."

कप्तान विचारात पडले. ते नाही म्हणाले नाहीत. आणि नेमक्या त्या क्षणी उस्तादांनी हरकत घेतली. मी काय बोलले ते त्यांनी माझ्याकडून मराठीत ऐकले आणि त्यांची अर्धी दाढी थरथरू लागली.

"शिपाई? बी.एस्सी., शिपाई मर्द असतो. मर्द कशात बी जातो. हे सगळं त्याच्यासाठी व्हय?"

मी हताश झाले. काम दारात उभे होते आणि ते तत्त्व सांगत होते. सारजामाय गाडगे मांडीवर घेऊन तबेल्याच्या सावलीत बसली होती. ती उठली.

"उस्ताद, तुमी कंदी जखमी गडी जवळून बघितला का?"

"न्हाई."

"मी बघितला. बाळंतिणीत अन् त्याच्यात काय फरक असतो? दोघंबी आडवे. दोघायचं रगत जातं. दोघायला पाणी पायजे, ऊब पायजे. अन् दोघंबी मायला हाका मारत्यात."

"मर्द मायला हाक मारतो?"

"पडला की मारतो."

उस्तादांनी एकदा ट्रकच्या पायरीकडे पाहिले. मग वळून ओरडले, "अरे, बघत काय राहिले? पोती उतरवा. गादी आणा. साहेबाचं डोकं इंजिनाकडं आलं पायजे."

आम्ही कनेरगावच्या नाक्याकडे निघालो. पुढे ड्रायव्हर, उस्ताद आणि मी. मागे गादीवर कप्तान, उशाशी सारजामाय आणि तिचे गाडगे. हट्टाने पाटे काढून मऊ केलेल्या त्या कमानी आता रस्त्याचा प्रत्येक खड्डा गिळत होत्या. वाटेत मी दोनदा मागे वळून हाक मारली. उत्तर आले नाही. मला वाटले, कप्तान काही टिपून घेत असतील.

नाक्यावर जकातीच्या जमादाराने मोटर थांबवली आणि रिवाजाप्रमाणे मागचा पडदा सारला. आत एक लांबलचक माणूस, पायांत लष्करी बूट, छातीवर हात, उशाशी गंभीर चेहऱ्याची म्हातारी. जमादाराने डोक्यावरची टोपी काढली.

"कोण वारलं, माय?" त्याने हळू आवाजात विचारले.

"वारला न्हाई. झोपलाय," सारजामाय म्हणाली. "वरडू नको."

जमादाराने टोपी हातातच धरून आम्हाला जाऊ दिले. नाका ओलांडून पुढे वळायला जागा होती. तिथून आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेवर आम्ही कुजबुजतच बोललो. ड्रायव्हरने तर भोंगाही वाजवला नाही. हिंगोलीला पोहोचलो तेव्हा दुपारची गाडी शिटी देऊन निघून गेलेली होती. फाटकाशी इंजिन बंद झाले, आणि त्या शांततेनेच कप्तान जागे झाले. क्षणभर ते कुठे आहेत हे त्यांना कळले नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिले, सारजामायकडे पाहिले, पायरी उलगडली आणि एकेक पाऊल टाकीत, कठड्याला धरून, सावकाश खाली उतरले.

उस्ताद ते उतरणे डोळे बारीक करून पाहत होते. माझ्या कानाशी म्हणाले, "माणूस चांगला हाय. काम देणार."

या वेळी मी नियमाला अपवाद सुचवले नाहीत.

काम आले. ट्रकांचे नव्हे, जखमींच्या मोटरींचे. मी कप्तानांसाठी दोन नवे नकाशे काढले, त्यात पायरी, दांडी आणि कडे मापांसह दाखवले, आणि सुतारांच्या हातांची सवय पहिल्यांदा कागदावर आली. तबेल्यात दिवस पुरा झाला. चहा पुरा झाला. उस्तादांनी एजंटांना निरोप धाडला की मुंबईच्या शेडमधून ज्यांना घरी पाठवले त्यांतले दोन फिटर हिंगोलीला पाठवा. ते आले तेव्हा कुठल्या आडगावात आलो म्हणून भेदरलेले होते. पैकी एकजण मला म्हणाला, "बाई, इथे मोटर पास करणारी सुईण आहे म्हणतात ते खरे का?" मी त्याला सारजामायकडे धाडले. तो परत आला तो विरजणाचे गाडगे हातात घेऊन.

वर्षभराने मला मुंबईला प्रवेश मिळाला आणि मी हिंगोली सोडली. लहान मॉडेलबद्दल मी तिथे एजंटांच्या कचेरीत जाऊन एकदा विचारले. विलायतेत त्याचे साचेही मोडून टाकल्याचे त्यांनी सांगितले. उस्तादांना हे कळवावे की नाही ते मला ठरवता आले नाही, म्हणून मी कळवले नाही.

युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात मी सुटीसाठी घरी आले. स्टेशनातून बाहेर पडले तर स्टँडवर एक उंच, नव्याने रंगवलेली मोटर उभी होती. हिरव्या रंगाखालून लाल क्रॉसच्या खुणेची कड अजून दिसत होती. लष्कराने जखमींच्या मोटरी लिलावात काढल्या होत्या आणि भागातल्या मोटरवाल्यांनी त्या विकत घेऊन उस्तादांकडे आणल्या होत्या. स्ट्रेचरचे आकडे काढायचे, बाके बसवायची. तबेल्यात तेच काम चालले होते, दोन्ही मुंबईकर फिटरांसकट. ड्रायव्हर गोरेगाव, गोरेगाव म्हणून ओरडत होता. मागच्या कप्प्यात एक अवघडलेली पोरगी आईचा हात धरून पायरी चढत होती.

उस्ताद तिथेच उभे होते. दाढी पूर्ववत लांब झाली होती, आता पांढरी.

"आलीस बेटा? तो एजंट येऊन गेला. म्हणला, तुमचं मॉडेल कायमचं बंद झालं, साचेबी मोडले."

"माहीत आहे," मी म्हणाले.

"त्याला काय कळतंय," उस्ताद त्या पोरीच्या पायाकडे नजर ठेवूनच म्हणाले. "बंद कुठं झालं? लढाईवर गेल्तं."

मग मागच्या बाकावर ऐसपैस बसलेल्या दोन गृहस्थांना खाली उतरवून टपावर पाठवायला ते पुढे गेले.